बंदूक जमा करायला बोलावता, मग चालवून दाखवायलाही बोलवा

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘मुलींना कराटे पुरे झाले, आता बंदुकीचे परवाने द्या’ अशा अर्थाचा लेख वाचला. मंगळवारी त्यावर दोन पत्रंही आली. एकात म्हटलं होतं द्या, दुसऱ्यात म्हटलं होतं अजिबात देऊ नका. तिघांपैकी कुणाच्या घरात बंदूक असेल असं लिहिण्यावरून वाटलं नाही. माझ्या घरात आहे, वडिलांच्या काळापासून. म्हणून चार गोष्टी कळवतो.

माझं गाव फोंडाघाटाच्या पायथ्याशी. भात, काजू, थोडी सुपारी. बंदूक बारा बोअरची, एकनळी, बाहेर घोडा (चाप ओढल्यावर आपटून बार उडवणारा खटका) असलेली. परवाना शेती संरक्षणाचा. आमच्या सिंधुदुर्गात अशा बंदुका पुष्कळ, आणि त्यापूर्वी ठासणीच्या होत्या. रानडुकरांचा कळप रात्री भातात शिरला की सकाळी शेत लोळवल्यासारखं दिसतं, आणि माकडं तर दिवसाढवळ्या येतात. डुक्कर मारायचा तर वन खात्याची परवानगी लागते, म्हणून बहुतेक वेळा हवेत बार काढायचा, कळप पांगवायचा, इतकंच. बाबा तेच करत, मीही तेच करत आलो. नेम धरायची वेळ क्वचितच येते. तरीही माझी ठाम समजूत होती की मला बंदूक येते. का येते? तर घरात आहे म्हणून.

ती समजूत २००८ च्या दसऱ्याला मोडायला हवी होती, पण मोडली नाही. आदल्या रात्री आम्ही बापलेक मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, राखणीला होतो. हळवं भात पिकलं होतं. पहाटे चारला परतलो, बंदूक पडवीतल्या खुंटीला लावली आणि झोपलो. सकाळी पूजेसाठी कोयते, नांगराचा फाळ, विळे सगळं पुसून पाटावर मांडलं. बंदूक मी मांडीवर घेतली. खोबरेल तेलात भिजवलेलं फडकं होतं. घोड्याच्या खाली गंज धरतो, तिथे फडकं जावं म्हणून अंगठ्याने घोडा मागे ओढला. अंगठा तेलकट, घोडा निसटला आणि बार उडाला.

आवाज आठवत नाही. आठवते ती त्यानंतरची शांतता, कान बंद झाल्याची. कौलाचे तुकडे पूजेच्या ताटात पडले होते, हळदीकुंकवात. डोक्यावर दोन हात रुंद आभाळ दिसत होतं. आई दूध उतू जातंय म्हणून त्याच क्षणी उठून चुलीकडे गेली होती. ती जिथे बसली होती ती जागा नळीच्या रेषेत नव्हती असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. होती की नव्हती, देव जाणे. नळी कुठे रोखलीय याकडे माझं लक्षच नव्हतं.

बाबा धावत आले. म्हणाले, “रे, काडतूस तू नाय काढलंस?” मी म्हटलं, “माका वाटला तुमी काढलास.” एवढंच बोलणं झालं. कौलं त्याच दिवशी बदलली. वाशात घुसलेले तीन छर्रे अजून तिथेच आहेत. परवाना बाबांच्या नावावर असताना बंदूक मी हाताळत होतो, हीही एक चूकच. तीही इथेच कबूल करून टाकतो.

या प्रसंगातून मी काय शिकलो? ‘यापुढे काडतूस काढायला विसरायचं नाही’, इतकंच. म्हणजे चूक विसराळूपणाची होती असं धरून चाललो. चूक मुळात वेगळी होती हे कळायला सोळा वर्षं जावी लागली, आणि ते कळलं कोल्हापुरात, एका तेरा वर्षांच्या पोरामुळे.

माझी बहीण कोल्हापूरला असते. २०२४ च्या भाऊबिजेला एसटीने घाट चढून गेलो. राधानगरी तालुका आला की आता गाडीत कुणीतरी हमखास म्हणतं, “स्वप्नील कुसाळेचं कांबळवाडी इकडेच.” त्याच वर्षी १ ऑगस्टला त्याने पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण करून कांस्य आणलं होतं, आणि तेव्हापासून कोल्हापुरात ज्याच्या त्याच्या तोंडी नेमबाजी होती. तशी ती तिथे नवी नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मारलं. दोघी कोल्हापूरच्याच. माझी भाची त्याआधीपासून दहा मीटर एअर पिस्तूल मारते. बहिणीने तिला घातलं ते पदकासाठी नव्हे. “पोरीला स्वतःचं रक्षण करता यायला हवं,” म्हणून.

दुसऱ्या दिवशी भाचीबरोबर रेंजवर गेलो. लांबलचक शेड, ओळीने टेबलं, समोर दहा मीटरवर टार्गेट. प्रत्येक पिस्तुलाच्या नळीतून एक भडक केशरी दोरी बाहेर लोंबत होती. मला वाटलं सजावट असेल. भाची म्हणाली, “मामा, तो सेफ्टी फ्लॅग. दोरी आरपार दिसतेय म्हणजे नळीत काही नाही. लांबूनही कुणालाही कळतं.” मी गप्प झालो. आमच्या खुंटीवरच्या बंदुकीत काडतूस आहे की नाही हे कळायला माझ्याकडे एकच साधन होतं, बाबांची आठवण. आणि बाबांकडे माझी.

प्रशिक्षकांना भाचीने सांगितलं, मामाकडे बंदूक आहे. ते म्हणाले, मारा की दहा शॉट. पिस्तूल हातात घेतलं. किलोभराच्या आसपास वजन. हात लांब केला की पाच सेकंदांत माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, नाचायला लागते. पहिला छर्रा टार्गेटच्या कागदावरच लागला नाही. दुसराही नाही. मागे उभ्या भाचीला काहीतरी विचारायचं म्हणून मी वळलो, आणि माझ्याबरोबर पिस्तूलही वळलं.

“काका, नळी!” शेजारच्या लेनवरचा पोरगा ओरडला. सातवी-आठवीतला असेल. त्याच वेळी प्रशिक्षकांचा आवाज आला, “स्टॉप!” अख्ख्या शेडमधले हात खाली आले, पिस्तुलं टेबलांवर गेली, दोऱ्या आत सरकल्या. सगळे माझ्याकडे बघत होते. प्रशिक्षकांनी पिस्तूल माझ्या हातातून काढून घेतलं आणि मला मागच्या खुर्चीवर बसवलं. दहा मिनिटं. शाळेत बाकावर उभं केल्यावर वाटायचं तसं वाटलं, फरक इतकाच की आता मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि माझ्या खिशात परवाना होता.

त्या खुर्चीवर बसल्यावर दसऱ्याची सकाळ पुन्हा डोळ्यांसमोर आली. काडतूस विसरलं ही दुसरी चूक होती. पहिली चूक ही की रिकामी आहे असं धरून मी नळी कुठेही रोखत होतो. रेंजवर बंदूक कधीच रिकामी नसते. स्वतः उघडून, बघून, बोट घालून खात्री केली तरी ती भरलेली आहे असंच वागायचं. चापावर बोट नेम धरल्यावरच जाणार. नळी कायम टार्गेटकडे, गप्पा मारताना, शिंक आली तरी. हे त्या पोराच्या अंगात मुरलेलं होतं. मी त्याच्या बापाच्या वयाचा, आणि मला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. कोकणच्या दमटपणात काडतुसं फुगतात, विशेषतः जुनी कागदी. एकदा मांगरात ऐन वेळी नुसतं ‘टक’ झालं, बार उडालाच नाही. मी लगेच नळी उघडून, बॅटरी मारून आत बघत बसलो होतो. हे प्रशिक्षकांना सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. दारू उशिरा पेट घेऊ शकते, म्हणाले. नळी मोकळ्या दिशेला धरून थांबायचं, निदान अर्धा मिनिट, मगच उघडायची. मी थांबलो नव्हतो आणि काही झालं नाही, ते माझं नशीब.

आता परवान्याकडे येतो. २०१३ साली बाबा गेले. पुढच्या वर्षी परवाना माझ्या नावावर झाला. चारित्र्य पडताळणी झाली, शेजाऱ्यांचे जबाब झाले, सातबारा, फोटो, शुल्क. नंतर नूतनीकरणाला तेच कागद पुन्हा. एका नूतनीकरणाच्या वेळी टेबलामागच्या हवालदारांनी विचारलं, “बंदूक चालू आहे ना?” मी म्हटलं, चालू आहे. ती मला चालवता येते का, हे कुणीही विचारलं नाही. मी वेडा नाही, गुन्हेगार नाही, शेतकरी आहे, एवढं सरकारला माझ्याबद्दल पक्कं ठाऊक आहे. बंदूक उघडून रिकामी करता येते की नाही, हे ठाऊक नाही.

कायद्यात काहीच नाही असं नव्हे. मूळ शस्त्र कायदा १९५९ चा. २०१६ च्या शस्त्र नियमांत नव्या अर्जदाराने सुरक्षा प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र जोडायचं असं आलं. चांगलंच झालं. पण ते दारात, आत येताना. माझ्यासारखे आधीच आत आलेले सुटले. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवली, आनंदाच्या भरात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. म्हणजे आम्हाला विचारायची संधी पूर्वी तीन वर्षांनी यायची, ती आता पाच वर्षांनी येते.

आमच्या तालुक्यातल्या एका ओळखीच्या ठेकेदाराकडे पॉइंट बत्तीसचं रिव्हॉल्व्हर आहे. परवाना स्वसंरक्षणाचा. त्याला विचारलं, आजवर किती गोळ्या झाडल्यास? म्हणाला, घेतलं त्या दिवशी सहा. त्याला आता आठ वर्षं झाली. मी म्हटलं, सराव का नाही करत? तो माझ्याकडे बघत राहिला. “कुठे करू?” खरंच, कुठे करणार? परसात बार काढला तर शेजारी पोलिसांना बोलावतील, आणि बरोबरच करतील. जवळची रेंज एअर पिस्तुलाची, तिथे त्याचं रिव्हॉल्व्हर चालत नाही. मोठी रेंज म्हणजे पुण्याचं बालेवाडी किंवा मुंबईत वरळी, आणि तीही मुख्यतः खेळाडूंची. त्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात कपड्यांखाली असतं. बायकोला जागा माहीत आहे, मुलांना नाही, असं तो म्हणतो. मुलं तेरा आणि दहा वर्षांची. त्यांना माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

२०१४ च्या जानेवारीत सरकारी कारखान्याने बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचं. किंमत सव्वा लाखाच्या घरात. पर्समध्ये मावेल याचं तेव्हा फार कौतुक झालं. पर्समधून काढून भेदरलेल्या हाताने चालवायचं कसं, ते शिकवायची सोय त्या सव्वा लाखात होती का, हे त्या वेळच्या बातम्यांत मला सापडलं नाही. हलकं हत्यार झटका जास्त देतं, हे मात्र कुठल्याही रेंजवरचं पोर सांगेल. आणि बंदूक चालवल्यावर ते स्वसंरक्षण होतं की नव्हतं, हे कोर्टात ठरतं. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ त्यासाठीच आहेत. बचावापुरतंच बळ, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तो हक्कच नाही. हेही परवान्याबरोबर कुणी समजावून सांगत नाही.

भाचीबद्दल सांगायचं राहिलं. प्रशिक्षकांनी बहिणीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “ताई, इथे ती मारामारी शिकणार नाही. स्थिर उभं राहायला शिकेल.” स्पर्धेत साठ शॉट असतात, सव्वा तासात. पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. नेमबाज त्यासाठी श्वास मोजतो, नाडी ओळखतो, वाईट शॉट गेला की हात खाली घेतो. तिच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, आणि ते पेटीबाहेर रेंजशिवाय कुठेही निघत नाही. गेल्या उन्हाळ्यात एसटी स्टँडवर एक माणूस तिच्या मागे मागे फिरत होता. ती सरळ नियंत्रकांच्या केबिनमध्ये घुसली, खुर्चीवर बसली आणि मोठ्या आवाजात म्हणाली, “हा माणूस माझ्या मागे लागलाय.” केबिनमधले दोघे बाहेर आले तोवर माणूस पळाला. मी विचारलं, घाबरलीस का? म्हणाली, “हो. पण हात थरथरत नव्हते.” बहिणीला वाटतं हे पिस्तुलामुळे. मला वाटतं स्टँडवर केबिन कुठे आहे हे तिने आधीच बघून ठेवलं होतं, त्यामुळे. दोघंही थोडे थोडे बरोबर असू. मात्र त्या स्टँडवर तिच्या पर्समध्ये भरलेलं ‘निर्भीक’ असतं तर काय झालं असतं, याचा विचार मला नको वाटतो.

म्हणून परवाने द्यावेत की देऊ नयेत, या वादात मी पडत नाही. ज्यांना आधीच दिलेत त्यांचं बोला. आमच्यासारख्यांची घरं जिल्ह्यात हजारोंनी असतील.

कुणी म्हणेल, एवढ्या लोकांना बोलवायचं कसं? सरकार बोलावतं की! निवडणूक लागली की आचारसंहितेत आम्हाला बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. खरं तर छाननी समितीने गरज बघून ठरवायचं असतं, स्पर्धेतल्या नेमबाजांना त्यातून सूटही आहे, पण आमच्याकडे सरसकट निरोप येतो आणि आम्ही सरसकट जातो. २०२४ ला दोनदा गेलो. लोकसभेला एकदा, आणि विधानसभेला पुन्हा ऐन भातकापणीत. डुकरांना आचारसंहिता लागू नसते. पडवीत बसलेल्या रांगेत पन्नास-साठ माणसं, प्रत्येकाच्या हातात फडक्यात गुंडाळलेली बंदूक. दस्त्याला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधायचा, त्यावर परवाना क्रमांक, आणि खोलीत थप्पी. परत मिळाली तेव्हा नळीवर गंजाचे ठिपके आले होते. ते असो.

त्या रांगेत माझ्यापुढच्या म्हाताऱ्याने बंदूक काउंटरवर ठेवली ती नळी पोलिसाच्या पोटाकडे करून. पोलिसाने ती हाताने बाजूला सरकवली, उघडून कुणी बघितली नाही. रेंजवर जाण्याआधी मीही तशीच ठेवत आलो असेन.

तर माझी सूचना साधी आहे. पोलिसांची चांदमारी, म्हणजे गोळीबाराच्या सरावाची जागा, असते. वर्षातले काही दिवस ती परवानाधारकांसाठी उघडा. पाच वर्षांनी नूतनीकरणाला येणाऱ्याने आपलीच बंदूक, आपलीच काडतुसं घेऊन तिथे यावं. शुल्क घ्या, आम्ही देऊ. दहा बार काढायला लावा. नेम चुकला तरी चालेल, आमच्यातले निम्मे चुकतील. पण बंदूक हातात घेतल्याबरोबर उघडून बघतो का, नळी कुठे ठेवतो, बोट कधी चापावर नेतो, बार फुसका गेला तर काय करतो, हे एका अनुभवी हवालदाराने बघावं आणि कागदावर लिहावं. जो यात नापास होईल त्याला शिकवा, पुन्हा बोलवा, तोवर बंदूक ठाण्यात. निवडणुकीला थप्पी लावायला जागा होते, तर याला का होणार नाही? माझ्या परवान्यावर वर्षाला २५ काडतुसं आहेत. त्यातली दहा पाच वर्षांतून एकदा चांदमारीवर गेली तर डुकरांचं फार फावणार नाही.

सरावाची लाज कशाला हवी? कर्नाटकात कोडगूच्या कोडवा लोकांना इंग्रजांच्या काळापासून बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. कैलपोद हा त्यांचा शस्त्रपूजेचा सण आपल्या दसऱ्यासारखाच, पण पूजा झाली की तिथे उंच झाडावर नारळ बांधून नेमबाजीच्या स्पर्धा होतात, सगळ्या गावासमोर. आपण काय करतो? कुंकू लावतो, फूल वाहतो आणि बंदूक परत खुंटीला टांगतो.

माझ्या बंदुकीत आता केशरी दोरी असते. भाचीने दिली. बारा बोअरला ती फारच बारीक पडते, म्हणून तिने टोकाला गाठ मारली आहे. काडतुसं पत्र्याच्या वेगळ्या डब्यात, कुलपात, तांदळाच्या पुरचुंडीसह.

आपला,
एक परवानाधारक शेतकरी
ता. कणकवली, जि. सिंधुदुर्ग

ता. क. : कृपया नाव छापू नये. दसऱ्याच्या त्या आवाजाबद्दल आईने शेजाऱ्यांना ‘पोरांनी अॅटमबॉम्ब लावला’ असं सांगितलं होतं, आणि ती अजून तेच सांगते.